गढूळ पाण्यातील गळ

शरद ऋतू म्हटला की आपल्या मनासमोर निवळलेले पाणी उभे राहते. आकाशात अगस्त्याचा तारा दिसू लागला म्हणजे नद्यांचा गाळ खाली बसतो, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. आणि चार महिने तांबड्या पाण्याने फुगलेली कृष्णा किंवा गोदावरी आश्विनात तळचे खडे दाखवू लागली की ती समजूत खोटी म्हणवत नाही. संस्कृत कवींनीही शरदाचे वर्णन करताना नद्यांच्या या निर्मळपणाचा विसर पडू दिलेला नाही. परंतु ऋतूंचा हा क्रम पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र सारखा नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्याच्या अखेरीस नद्या रोडावलेल्या आणि बऱ्याच स्वच्छ असतात. त्या गढूळ होतात त्या पुष्कळदा शरदातच. अटलांटिक महासागरावर उठणारी चक्रीवादळे त्या दिवसांत किनाऱ्याकडे सरकतात, आणि त्यांपैकी एखादे ॲपलेशियन पर्वताच्या रांगांपर्यंत पोहोचले म्हणजे पोटोमॅक, शेनॅन्डोआ, सस्क्वेहाना या नद्या एका रात्रीत दुधाच्या चहासारख्या होऊन जातात. पोटोमॅकच्या खोऱ्यात १८७७ च्या नोव्हेंबरात, १९४२ च्या ऑक्टोबरात, १९८५ च्या नोव्हेंबरात आणि १९९६ च्या सप्टेंबरात आलेले पूर मोठ्या पुरांत गणले जातात. लहानसहान पुरांची तर गणतीच नाही.

अशा पाण्यात गळ टाकण्यासाठी मुद्दाम नदीवर जाणारी माणसे त्या देशात आहेत. ज्या माशासाठी ती जातात त्याचे नाव स्मॉलमाउथ बास, म्हणजे लहान तोंडाचा बास. या माशाची आणि त्या गढूळ पाण्याची हकीकत शिकारीच्या छंदापुरती नाही. हा मासा पोटोमॅकमध्ये मूळचा नव्हे. आणि तिच्या पुराला आज जो रंग येतो तोही सगळा मूळचा नव्हे. दोन्ही माणसाने आणलेले आहेत.

मासा दिसण्यात देखणा आहे. अंगाचा रंग जुन्या काशाच्या भांड्यासारखा, त्यावर उभे काळसर पट्टे, डोळा लालसर. त्याचा थोरला भाऊ जो लार्जमाउथ बास, त्याच्या वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. याचे डोळ्याखालीच थांबते. आकाराने तो फार मोठा नव्हे. वाहत्या नदीत अर्धा ते एक किलोचा मासा नेहमीचा, दोन किलोचा मिळाला तर वर्षभर सांगण्यासारखा. गळाला लागलेल्यांपैकी सर्वांत मोठा म्हणून जो नोंदलेला आहे तो १९५५ साली डेल हॉलो जलाशयात मिळाला; त्याचे वजन सुमारे ५.४ किलो होते. वाहते पाणी, खडकाळ तळ आणि गारवा ही या माशाची आवड आहे.

त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र एका गैरसमजातून. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्यापुढे जो नमुना होता त्याच्या पाठीवरील पराचा मागचा भाग दुखावून वेगळा झालेला होता. लासेपेदला वाटले, हा एक स्वतंत्र चिमुकला पर आहे. म्हणून त्याने या कुळाला 'मायक्रोप्टेरस', म्हणजे लहान पराचा, असे नाव दिले. नियमाप्रमाणे पहिले नाव टिकते, त्यामुळे ते आजतागायत चालू आहे. जातीचे नाव 'डोलोमियू' हे त्याने आपला खनिजशास्त्रज्ञ मित्र देओदा द डोलोमियू याच्या स्मरणार्थ ठेवले. हा डोलोमियू मेसिना येथील तुरुंगात दीर्घ काळ खितपत पडून सुटला आणि १८०१ साली निवर्तला. डोलोमाइट या खडकालाही त्याचेच नाव आहे. शेनॅन्डोआच्या खोऱ्यात चुनखडीबरोबर हाच खडक पसरलेला आहे, तेव्हा डोलोमियूच्या नावाचा मासा तेथे डोलोमियूच्याच नावाच्या दगडांवरून पोहत असतो. योगायोग इतकाच, पण तो मौजेचा खरा.

निसर्गाने या माशाला जो प्रदेश दिला होता तो पर्वताच्या पश्चिमेचा. ओहायो आणि मिसिसिपी यांची खोरी, उत्तरेकडील पाच महासरोवरे आणि सेंट लॉरेन्स नदी हे त्याचे माहेर. ॲपलेशियन पर्वताच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो: पश्चिमेकडे ओहायोतून मेक्सिकोच्या आखाताला, पूर्वेकडे पोटोमॅक वगैरे नद्यांतून अटलांटिकला. पाण्याची ही वाटणी माशाला ओलांडता येण्यासारखी नव्हती. माणसाने ती ओलांडली. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाला, तेव्हा सरोवरांतील माशांना हडसन नदीकडे जाण्याची पाण्याची वाट आयतीच मिळाली. पोटोमॅकला कालवा होता, पण तो डोंगर चढून पलीकडे गेलाच नाही; चेसापीक आणि ओहायो असे महत्त्वाकांक्षी नाव धारण केलेला तो कालवा १८५० साली मेरिलँडमधील कंबरलँडपर्यंत आला आणि तेथेच थांबला. डोंगर चढली ती आगगाडी. बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेचा मार्ग १८५२ च्या अखेरीस ओहायो नदीवरील व्हीलिंग गावाला जाऊन भिडला.

पुढची गोष्ट १८५४ सालची. व्हीलिंग येथे राहणारे विल्यम श्राइव्हर नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी त्यांचे वास्तव्य कंबरलँडला असे, आणि मासे पाळण्यावाढवण्याचा त्यांना नाद होता. व्हीलिंगच्या ओढ्यात विपुल असलेला हा झुंजार मासा आपल्या जुन्या गावाच्या नदीत का असू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. इंजिनाला लागणारे पाणी ज्या टाकीत असते त्या टाकीत मासे जिवंत राहू शकतील, ही त्यातील खरी कल्पक गोष्ट. मोजकेच मासे, सुमारे तीस, इंजिनामागच्या पाण्यात बसून डोंगर ओलांडून आले आणि कंबरलँड येथील कालव्याच्या कुंडात सोडले गेले. कुंडातून नदीत जाण्यास त्यांना मोकळीक होती. तेथून खाली वाहणाऱ्या शेकडो मैलांच्या पाण्यात त्यांची संतती पसरली. १८७० साली पोटोमॅकमधील मासे डेलावेअर नदीत नेण्याइतकी तेथे त्यांची रेलचेल झाली होती, आणि त्याच सुमारास ते सस्क्वेहानातही पोहोचले. मधल्या काळात याच पोटोमॅकच्या दोन्ही तीरांवर अमेरिकेतील यादवी युद्धाच्या फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या; माशांच्या वाढीला ती शांततेची चार वर्षे ठरली असल्यास नवल नाही.

१८७१ साली सरकारने मत्स्य आयोग स्थापला आणि स्पेन्सर बेर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. आयोगाचे मासे वाहून नेण्यासाठी पुढे आगगाडीचे खास डबे बांधण्यात आले, आणि श्राइव्हर यांनी हौसेने केलेली गोष्ट सरकारी खात्याचा नित्याचा उद्योग होऊन बसली. ट्राउट माशाची अंडी हातांनी काढून ती कारखान्यात उबवता येतात. बासच्या बाबतीत ती युक्ती चालत नाही. या माशाचा नर वसंतात, पाणी सुमारे पंधरा अंशांपर्यंत तापले म्हणजे, वाळूखड्यांत शेपटीने एक वाटोळे घरटे कोरतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांना वारा घालण्याचे, त्यांची राखण करण्याचे आणि पिले फुटल्यावर काही दिवस त्यांच्याभोवती गस्त घालण्याचे सर्व काम बापाचे. म्हणून बास वाढवायचा तर जिवंत जोडपी तळ्यात सोडून संसार त्यांच्यावरच सोपवावा लागतो.

या घरट्यामुळेच पुरापुरांत भेद पडतो. जूनमध्ये नदी फुगली की घरटी वाहून जातात, इवलीशी पिले प्रवाहात टिकत नाहीत, आणि त्या सालची पिढी जवळजवळ कोरी जाते. शरदातील पूर कितीही भयंकर दिसला तरी त्याचा हा दोष नाही. तोवर पिले बोटाएवढी होऊन दगडांच्या आडोशाला राहण्याइतकी शहाणी झालेली असतात. कोळ्याला छळणारा पूर निराळा आणि माशाला मारणारा निराळा.

आता त्या गाळाविषयी. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी पोटोमॅकच्या खालच्या अंगाला तंबाखूची शेती केली, आणि तिच्यामुळे सुटलेल्या मातीने ब्लेडन्सबर्ग व पोर्ट टोबॅको यांसारखी जहाजांची बंदरे बुजून गेली. वरच्या अंगाला दर ओढ्यावर दळणाची किंवा लाकूड कापण्याची पाणचक्की उभी राहिली आणि प्रत्येक चक्कीसाठी एक बांध. १८४० च्या सुमारास पूर्व अमेरिकेत अशा पाणचक्क्या ६५ हजारांहून अधिक होत्या. प्रत्येक बांधाच्या मागे नांगरलेल्या शेतांची माती थरावर थर साचत राहिली. पेन्सिल्व्हेनियातील रॉबर्ट वॉल्टर व डोरोथी मेरिट्स या दोन भूशास्त्रज्ञांनी २००८ साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यावरून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. तेथील ओढ्यांचे उभ्या मातीच्या काठांमधून नागमोडी वाहणे हे त्यांचे नैसर्गिक रूप असावे, असे शास्त्रज्ञ मोठ्या विश्वासाने धरून चालले होते. प्रत्यक्षात ते उंच काठ म्हणजे चक्क्यांच्या बांधामागे साचलेला गाळ होता. बांध मोडले, ओढ्यांनी त्या गाळातून खोल वाट कापली, आणि आता दर पुराला ते काठ ढासळून शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची शेतजमीन नदीत उतरते. शरदात पोटोमॅकच्या पाण्यात जी माती दिसते तिच्यातील काही भाग अशा शेतकऱ्यांच्या नांगराने सुटलेला आहे, ज्यांनी बास मासा कधी पाहिलाही नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरमाथ्यावरील जंगलांचीही तीच गत झाली. वाफेच्या करवती आणि लाकूडवाहू रूळ ज्या ज्या दरीत शिरले तेथील उतार उघडे पडले. १९०७ साली मोनोंगहेला व ओहायो या नद्यांना आलेल्या महापुराने लोकांचे डोळे उघडले. १९११ साली झालेल्या वीक्स कायद्याने नद्यांच्या उगमाकडील जंगले विकत घेण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारला दिला. पोटोमॅकच्या उगमाकडे आज जी राखीव अरण्ये दिसतात ती या कायद्याची देणगी होय.

अशा या नदीवर शरदातील पुरानंतर गळ टाकणाऱ्याचे शास्त्र पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणातून तयार झालेले आहे. पाणी चढत असेतोवर तो घरी बसतो. चढते पाणी काठावरचा सर्व पालापाचोळा उचलून नेते; ऑक्टोबरात तर मेपल आणि सिकमोर या झाडांची पिवळीतांबडी पाने इतकी वाहत असतात की दर खेपेला गळाला मासा न लागता पान लागते. पाणी उतरू लागले की त्याचा दिवस उजाडतो. नदीवर गेल्यावर पहिली गोष्ट तो करतो ती ही, की काठीचे टोक पाण्यात बुडवून ते कोठवर दिसते हे पाहतो. हातभर दिसले तर उत्तम, वीतभर दिसले तरी आशा आहे, चार बोटांतच नाहीसे झाले तर परतावे. हे माप कोणत्याही यंत्रापेक्षा त्याला अधिक विश्वासाचे वाटते.

उन्हाळ्यात हा मासा नदीच्या मध्यभागी खळाळत्या धारेच्या कडेला असतो. पुरात त्या धारेत उभे राहण्यासाठी लागणारी शक्ती त्याला मिळणाऱ्या अन्नातून भरून निघत नाही. म्हणून तो काठाशी येतो. मोठ्या शिळेच्या पाठीशी, बेटाच्या शेपटीला, पडलेल्या झाडाच्या आडोशाला, जेथे पाणी वळसा घेऊन उलटे फिरते आणि फेस गोल फिरत राहतो, तेथे तो थांबतो. ज्या ठिकाणी आठवड्यापूर्वी कोरडे खडक होते त्याच ठिकाणी, कधी कधी काठापासून दोन पावलांवर, तो मिळतो. नवखा माणूस कमरभर पाण्यात उतरून मध्यधारेकडे गळ फेकतो आणि मासे आपल्याच पायांखालून उधळून लावतो. अशा पाण्यात उतरणे जिवावरचेही असते. तळ दिसत नाही आणि प्रवाह गुडघ्याशी असला तरी माणसाला आडवा करतो. जाणता काठावरूनच काम करतो. त्याहूनही जाणता उपनदीच्या मुखाकडे जातो. लहान ओढे लवकर चढतात तसे लवकर निवळतात. त्यामुळे मोठी नदी अजून गढूळ असताना संगमाच्या ठिकाणी स्वच्छ व गढूळ पाण्याची एक स्पष्ट शीव दिसते. बास त्या शिवेवर असतो. गढूळ बाजूला स्वतः लपून स्वच्छ बाजूला वाहत येणारे भक्ष्य त्याला टिपता येते.

वीतभर नजरेच्या पाण्यात त्याला आमिष सापडते तरी कसे? माशाच्या दोन्ही अंगांवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली असते. ती नुसती रेघ नसून पाण्याची हालचाल टिपणारे इंद्रिय आहे, हे फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली ओळखले. जवळून जाणाऱ्या किड्याची वळवळ माशाला या इंद्रियाने कळते. पण ती जवळूनच. म्हणून गढूळ पाण्यात आमिष हळू आणि माशाच्या अगदी नाकाशी न्यावे लागते. स्वच्छ पाण्यात जो मासा तीन वाव धावून येतो तो येथे हातभरही हलत नाही. जुने लोक जिवंत आमिष वापरीत: शेवंडाच्या लहान भावंडासारखा दिसणारा गोड्या पाण्यातील क्रेफिश, किंवा दगडांखाली राहणारी डॉब्सन माशीची काळी, चावरी अळी. धातूच्या आमिषाची कथाही याच काळातली. व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूएलने १८५२ साली चमच्याच्या आकाराच्या गिरक्या घेणाऱ्या आमिषाचा हक्क नोंदवला. जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झेप घेतली, अशी आख्यायिका आहे. चमच्याची चकाकी गढूळ पाण्यात निरुपयोगी, पण त्याच्या फिरण्याचा थरथराट उपयोगी पडतो. त्याआधीच केंटकीतील पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दोरी गुंडाळण्याचे असे चक्र घडवले होते की मूठ एकदा फिरवली असता रीळ कित्येक वेळा फिरे. घड्याळाची दातेरी चाके माशाच्या कामी आली. बासच्या शिकारीला तिची स्वतःची हत्यारे मिळाली ती अशी कारागिरांकडून. तिचा ग्रंथकार मात्र वैद्य होता. डॉ. जेम्स हेन्शल यांनी १८८१ साली या माशावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. साहेबी परंपरेत सॅमन आणि ट्राउट यांनाच मान होता; हेन्शल यांनी त्या पंक्तीत या देशी माशाला बसवण्यासाठी जन्मभर वकिली केली.

शरदात हा मासा आधाशासारखा खातो, कारण पुढे लांब उपास आहे. पाणी दहा अंशांच्या खाली गेले की तो खोल, संथ डोहात उतरतो आणि वसंतापर्यंत फारसा हालत नाही. असा डोह गाठण्यासाठी विस्कॉन्सिनमधील काही मासे शरदात साठ किलोमीटरांहून अधिक खाली गेल्याचे आढळले आहे. पुराचे पाणी ओसरण्याची आणि थंडी पडण्याची वेळ यांमधले आठ-पंधरा दिवस हाच काय तो कोळ्याचा हंगाम.

श्राइव्हर यांच्या माशांच्या नशिबी पुढे काय आले, हेही सांगितले पाहिजे. ज्या उत्तर शाखेवर कंबरलँड वसले आहे तिच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी होत्या. खाणींतून झिरपणाऱ्या आम्लाने तिचे पाणी विसाव्या शतकात इतके बिघडले की मैलच्या मैल मासा राहिला नाही; म्हणजे ज्या पाण्यात तो प्रथम सोडला गेला त्याच पाण्यातून तो हद्दपार झाला. १९८० नंतरच्या काळात वर बांधलेले धरण आणि ओढ्यांत चुन्याची पूड सोडणारी यंत्रे यांनी ती शाखा पुन्हा जिवंत केली. खालच्या नद्यांवर मात्र नवे संकट आले. २००२ पासून पोटोमॅकच्या दक्षिण शाखेत आणि शेनॅन्डोआत अंगावर व्रण पडून मोठे मासे मरू लागले. तपासणीत कित्येक नरांच्या वृषणांत अंडी आढळली. २००५ साली सस्क्वेहानातील त्या वर्षीची पिले मोठ्या संख्येने मेली आणि २०११ साली त्या नदीच्या मोठ्या टापूत धरलेला प्रत्येक बास तत्काळ पाण्यात परत सोडण्याचा नियम झाला. एकच एक आरोपी सापडला नाही. रोगजंतू, परोपजीवी, शेतांतील तणनाशके आणि प्राण्यांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने या सर्वांकडे बोट दाखवले गेले. पुराबरोबर आता माती एकटी येत नाही.

हा मासा जेथे नको होता तेथे त्याने उलट दुसऱ्यांना छळले आहे. दक्षिण आफ्रिकेत १९३७ साली नेलेल्या बासने केप प्रांतातील इवल्या देशी माशांचा इतका फडशा पाडला की रोंडेगाट नदीतून त्याला काढण्यासाठी २०१२ साली पाण्यात विष घालावे लागले. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरणाखाली २०२२ साली त्याची पिले आढळली, तेव्हा तेथील दुर्मीळ कुबडदार चब माशाच्या रक्षणकर्त्यांची झोप उडाली. पोटोमॅकमध्ये तो येण्यापूर्वी कोणकोणते लहान मासे किती होते याची मोजदाद कोणी केली नव्हती. त्यामुळे त्यांची बाजू मांडणारा साक्षीदारच नाही. हौशी सत्कृत्यांच्या इतिहासात हे नेहमीचेच आहे.

कालव्यावरची वाहतूक १९२४ च्या पुरानंतर बंद पडली. बोटी ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत ती वाट आता राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि तिच्यावरून कोळी नदीकाठी जातात. पॉइंट ऑफ रॉक्स येथे नदीची उंची मोजण्याचे ठाणे १८९५ पासून आहे. पूर्वी पुरानंतर पुलाच्या दगडावरील खूण पाहण्यासाठी मैलभर चालावे लागे. आता घरबसल्या त्या ठाण्याचा आकडा कळतो. तो आकडा सलग दोन दिवस उतरताना दिसला, आणि पाने झडून गेली असली, म्हणजे शेनॅन्डोआच्या काठची माणसे काठ्या बाहेर काढतात.